पाइक पकडायचा कसा? आधी सोडायचा कसा ते ऐका

या भागात पाठीमागे वाऱ्याचा आवाज येतोय, त्याबद्दल आधीच सॉरी. खोलीत बसून नाही, तळ्याच्या काठावर उभं राहून रेकॉर्ड केलंय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीसारखं थोडं साफसूफ करून इथे लिहून ठेवतोय.

मी नेदरलँड्समध्ये, ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या ॲमस्टेलव्हेन गावात राहतो. दिवसभर कोड लिहितो. नोव्हेंबरात इथे सकाळी सव्वाआठला उजाडतं आणि दुपारी साडेचारला अंधार पडतो. ऑफिस सुटेपर्यंत दिवस संपलेला असतो. म्हणून शनिवारी सकाळी मी गळ घेऊन घरामागच्या तळ्यावर जातो. थंडी, पाऊस, वारा, सगळं असतं. तरी जातो, कारण याच दिवसांत इथे पाइक मिळतो.

आजचा भाग त्यावरच. काठावरून, शहरातल्या तळ्यात, हिवाळ्याच्या तोंडावर पाइक कसा पकडायचा. पण सुरुवात मी माझ्या चुकीपासून करणार आहे.

४ मिनिटं १० सेकंद

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. इथला माझा पहिला नोव्हेंबर. ऑनलाइन रॉड मागवला, रील मागवलं, चमकणारे दोन-चार खोटे मासे मागवले. परवाना काढला. यूट्यूब बघून बघून टाकायला शिकलो. तिसऱ्या शनिवारी दोरीला असा हिसका बसला की हातातून रॉड जायचा बाकी होता. पाइक! साधारण ७० सेंटिमीटरचा.

ओढत आणला आणि विटांच्या पायवाटेवर घेतला. जाळं नव्हतं, चटई नव्हती, पकड नव्हती. होता तो फोन. तो सायकलच्या सीटवर टेकवला आणि व्हिडिओ सुरू केला. मग एका हाताने मासा उचलून धरला, दुसऱ्या हाताने गळ काढायला लागलो. पाइकच्या तोंडात बोट घालायची हिंमत होईना. तो विटांवर आपटत होता, मी कॅमेऱ्याकडे बघून हसत होतो.

कुत्रा फिरवायला आलेले एक डच आजोबा थांबले. काही न विचारता त्यांनी सायकलच्या पिशवीतून पकड काढली, गळाचा काटा कापला, मासा दोन्ही हातांनी उचलून पाण्यात धरला. मी घाई करत होतो तर म्हणाले, "रुस्तख, रुस्तख." म्हणजे सावकाश. बऱ्याच वेळाने मासा हळूच हलला आणि खाली गेला. मला वाटलं, वाचला.

तिसऱ्या दिवशी काठालगतच्या उथळ पाण्यात, कुजक्या पानांवर एक पाइक कुशीवर पडलेला दिसला. पाइकच्या अंगावरचे फिकट ठिपके प्रत्येक माशाचे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. मी फोन काढला, व्हिडिओ थांबवून ठिपके जुळवले. तोच होता. व्हिडिओची लांबी ४ मिनिटं १० सेकंद. तेवढा वेळ तो श्वासाविना होता, आणि मी रील बनवत होतो. ते रील मी कधीच टाकलं नाही.

आता यात माझं एक गावाकडचं अज्ञानही होतं. मी सांगली जिल्ह्यातला. लहानपणी आप्पा, म्हणजे माझे आजोबा, ओढ्यात गळ टाकून मरळ धरायचे. मरळ पाण्याबाहेर तासन्‌तास जगते. आमच्या घरी बादलीत, अगदी ओल्या गोणपाटातसुद्धा ती जिवंत असायची. कारण तिला कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घ्यायचं वेगळं इंद्रिय असतं. पाइकला ते नसतं. त्याच्याकडे फक्त कल्ले. पाण्याबाहेर काढला की कल्ल्यांच्या पातळ पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि श्वास बंद. मी मरळीच्या हिशोबाने पाइक हाताळला.

ऑफिसात आम्ही नवीन कोड सर्व्हरवर टाकण्याआधी एक प्रश्न विचारतो: बिघडलं तर परत मागे कसं यायचं? रोलबॅक तयार नसेल तर डिप्लॉय करायचं नाही. तळ्यावर मी नेमकं हेच विसरलो. म्हणून आजचा एकच मुद्दा, बाकी सगळं त्याच्या भोवती: पाइक पकडायची तयारी म्हणजे तो हातात आल्यानंतरच्या एका मिनिटाची तयारी.

हा पाइक आहे तरी कोण?

मराठीत याला नाव नाही, कारण भारतात हा सापडत नाही. युरोप, उत्तर आशिया आणि उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला हा शिकारी मासा. डच लोक त्याला 'स्नूक' म्हणतात. शास्त्रीय नाव इसॉक्स ल्युसियस.

अंग लांबुळकं, तोंड बदकाच्या चोचीसारखं चपटं, रंग हिरवट आणि त्यावर फिकट ठिपके. पाणवनस्पतीत उभा राहिला तर दोन फुटांवरून दिसत नाही. पाठीवरचा पर अगदी मागे, शेपटीजवळ असतो. त्यामुळे शेपटीच्या एका फटक्यात तो बाणासारखा सुटतो. पण ही ताकद थोड्या अंतरापुरतीच. हा लांब पाठलाग करणारा मासा नाही, दबा धरून बसणारा आहे. प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर तो सतत चेक करत फिरत नाही, इव्हेंटची वाट बघतो. तुमचं आमिष हाच तो इव्हेंट.

तोंडात शेकडो दात. खालच्या जबड्यात मोठे सुळे, आणि टाळूवर आतल्या बाजूला वळलेले बारीक दात. आत गेलेलं भक्ष्य बाहेर येऊच नये अशी रचना. तुमचं बोटसुद्धा त्यात आलं, हे लक्षात ठेवा.

नोव्हेंबरच का?

तीन कारणं आहेत.

पहिलं, लपायच्या जागा कमी होतात. उन्हाळ्यात तळं पाणवनस्पतींनी भरलेलं असतं. छोटे मासे त्यात विखुरलेले आणि पाइकही कुठेही. ऑक्टोबर सरला की वनस्पती कुजून खाली बसतात. छोटे मासे थवे करून थोड्या खोल, आडोशाच्या जागी जमा होतात आणि पाइक त्यांच्या मागे येतो. आख्खं तळं शोधायची गरज उरत नाही.

दुसरं, अंडी. पाइक हिवाळा संपता संपता, वसंताच्या सुरुवातीला अंडी घालतो. माद्या नरांपेक्षा बऱ्याच मोठ्या होतात आणि त्यांच्या पोटात अंडी तयार व्हायला शरदातच सुरुवात होते. त्यासाठी खायला लागतं.

तिसरं कारण माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: ऑक्सिजन. पाणी जितकं थंड, तितका त्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो. २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम मावतो, १० अंशांच्या पाण्यात ११ च्या पुढे. शिवाय थंड पाण्यात माशाच्या शरीराची गरजही कमी असते. म्हणजे गळाशी झुंजून दमलेला पाइक नोव्हेंबरात लवकर सावरतो. ऐन उन्हाळ्यात तोच मासा तेवढ्याच झुंजीने मरू शकतो. म्हणून जाणती माणसं उकाड्यात पाइकच्या वाट्याला जात नाहीत.

तळं वाचायचं कसं?

इथली शहरातली तळी शोभेची वाटतात, पण ती पावसाचं पाणी साठवायला खोदलेली असतात. अनेक तळी कालव्यांना आणि एकमेकांना रस्त्याखालच्या मोऱ्यांनी जोडलेली असतात. खोली फार नसते. माझ्या तळ्यात बहुतेक ठिकाणी मीटरभर, पुलाखाली जरा जास्त.

यूट्यूबवर ऐकाल की हिवाळ्यात तळाशी गरम पाणी असतं, मासे तिकडे जातात. त्यामागचं शास्त्र खरं आहे: पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं, म्हणून खोल सरोवरात गोठायच्या दिवसांत तळाशी ४ अंशांचं पाणी राहतं. पण मीटरभर खोलीच्या तळ्यात वारा सगळं ढवळून टाकतो. इथे खोलगट जागा बघायची ती आडोशासाठी. मी या जागा धरतो:

- मोरीचं तोंड आणि पुलाची सावली
- वाळक्या पाणकणसांची कड
- पाण्यात वाकलेल्या झाडाच्या फांद्या
- लाकडी धक्क्याच्या किंवा बांधलेल्या होडीच्या खालची जागा

आणि एक व्यवहाराची गोष्ट. नोव्हेंबरात पाण्यावर पानांचा खच असतो. प्रत्येक फेकीला गळावर पान अडकलं की वैताग येतो. वारा पानं ज्या काठाला नेतो त्याच्या समोरच्या काठावर उभे राहा. बदकं आणि हंस असतील तर तिकडे फेकूच नका. आणि पाय आपटत जाऊ नका. पाइक बरेचदा तुमच्या पायाखाली, काठाला चिकटून असतो. पहिली फेक काठाला समांतर टाकायची, तळ्याच्या मध्यात नाही.

सामान: अर्धं पकडायचं, अर्धं सोडायचं

पकडायचं सामान थोडक्यात सांगतो. साडेसात-आठ फुटी, जरा दणकट रॉड. मध्यम आकाराचं रील. विणलेली दोरी, साधारण ०.२० मिलिमीटर जाडीची. दोरी आणि आमिष यांच्यामध्ये स्टीलची तार, किमान ३० सेंटिमीटर. तारेवर तडजोड नाही. साधी दोरी पाइकचे दात क्षणात कापतात आणि मग तो तोंडात गळ घेऊन निघून जातो. तुमचं नुकसान शंभर-दोनशे रुपयांचं, त्याचं जिवाचं. आमिष म्हणून १२ ते १५ सेंटिमीटरचा रबरी मासा पुरे.

आता सोडायचं सामान. हे घेतल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही:

- मोठं, रबरी पीळ असलेलं हातजाळं. साध्या सुताच्या जाळ्यात गळ अडकतात आणि माशाचे पर फाटतात.
- लांब चोचीची पकड. हात तोंडात घालायचाच नाही.
- तार कापायची कातर-पकड. गळ खोल गेला तर काढत बसायचं नाही, काटाच कापायचा.
- मऊ चटई. पाण्यात बुडवून ओली केलेली.

आणखी एक काम घरीच उरकायचं. गळाच्या टोकाजवळ एक उलटी छोटी अणी असते, मासा सुटू नये म्हणून. पकडीने ती दाबून सपाट करा. दोन मासे जास्त सुटतील, पण जो येईल त्याचा गळ सेकंदात निघेल.

ओढायचं कसं?

सावकाश. एवढंच. थंड पाण्यात पाइकची भूक असते, पण पळायची इच्छा कमी असते. आमिष टाका, तळाजवळ जाऊ द्या, दोन-तीन फेरे फिरवा, थांबा. परत दोन-तीन फेरे, थांबा. बहुतेक वेळा हिसका थांबलेल्या क्षणीच बसतो. माझ्यासारख्या १.५ पट वेगाने पॉडकास्ट ऐकणाऱ्या माणसाला हे शिकायला आख्खा एक हिवाळा लागला.

अगदी काठाशी आल्यावर आमिष लगेच उचलू नका. पाइक मागोमाग येऊन शेवटच्या हातभर अंतरात झडप घालतो.

आणि मासा लागला की खेळवत बसू नका. दणकट रॉड त्याचसाठी आहे. जितका जास्त दमेल तितका सोडल्यावर त्याला जड जाईल.

ते एक मिनिट

आता मुख्य गोष्ट. मासा काठाशी आला. पुढे काय?

जाळं आधी पाण्यात बुडवा, मासा त्यावर आणा, मग जाळं वर घ्या. पण पाण्याबाहेर नाही! तो जाळ्यात, पाण्यातच राहू दे. आता त्याचा श्वास चालू आहे. तुमच्याकडे वेळ आहे. पकड हातात घ्या. जमलं तर गळ तिथेच काढा.

नाही जमलं तर ओली चटई काठावर पसरून, हात ओले करून त्यावर घ्या. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला रोगांपासून वाचवतो, कोरड्या हाताने तो निघून जातो. तोंड उघडायला कल्ल्याच्या झाकणाच्या कडेने बोटं आत सरकवतात, हनुवटीच्या हाडाच्या दिशेने. आतल्या लाल पाकळ्यांना बोट लागता कामा नये. पहिल्यांदा कुणा जाणत्याकडून समोर शिकून घ्या, व्हिडिओवर विसंबू नका.

मासा बाहेर आला की मनात आकडे मोजा. मी ३० पर्यंत मोजतो. ३० झाले आणि गळ निघाला नाही, तर मासा परत पाण्यात, जाळ्यात. दम घेऊ दे. मग पुन्हा. पारा शून्याखाली असेल तर मी जातच नाही, कारण तशा हवेत ओले कल्ले आणि डोळे यांना इजा होते. माझी बोटंही बधिर होतात, आणि बधिर बोटांनी पकड चालत नाही.

सोडताना फेकायचं नाही. पोटाखाली एक हात, शेपटीच्या मुळाशी दुसरा, आणि पाण्यात सरळ धरायचं. पुढेमागे हलवायची गरज नाही. तो स्वतः शेपटी मारून तुमच्या हातातून जाईल. तोपर्यंत रुस्तख.

कायद्याचं थोडं

नेदरलँड्समध्ये असाल तर 'व्हिसपास' हवा. मासेमारी क्लबचे सदस्य झालात की मिळतो, परीक्षा नसते. कुठल्या पाण्यात परवानगी आहे ते 'व्हिसप्लॅनर' ॲपमध्ये दिसतं. १ मार्चपासून मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंत पाइकची मासेमारी बंद असते. किमान आकार ४५ सेंटिमीटर, त्याहून लहान ठेवता येत नाही. अनेक क्लबांच्या नियमात तर प्रत्येक पाइक परत सोडणं सक्तीचं आहे. जिवंत मासा आमिष म्हणून लावायला बंदी आहे. मेलेला मासा चालतो, पण तो पाइक पटकन गिळतो आणि गळ खोल जातो, म्हणून मी वापरत नाही. जर्मनीत असाल तर गोष्ट वेगळी. तिथे साधारणपणे परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो.

आईचा प्रश्न

व्हिडिओ कॉलवर हे सगळं आईला सांगत होतो. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे, खायचा नाही तर धरायचा कशाला? त्या मुक्या जिवाला टोचायचं कशाला?"

मी म्हणालो, "अगं आई, इथे सगळे असंच करतात." उत्तर किती लंगडं होतं ते बोलतानाच कळलं.

मजा म्हणजे आईचा प्रश्न जर्मनीच्या कायद्यातच आहे. योग्य कारणाशिवाय प्राण्याला वेदना द्यायच्या नाहीत, असं तिथला प्राणीसंरक्षण कायदा सांगतो. त्यामुळे नुसतं सोडण्यासाठी पकडणं तिथे अडचणीत आणतं. स्वित्झर्लंडमध्ये तर सोडायच्या हेतूने मासेमारी करायला बंदीच आहे. आणि सीमेपलीकडे नेदरलँड्समध्ये उलट, न सोडलात तर क्लबचा नियम मोडतो. मासा तोच.

इथल्या बाजूचं म्हणणंही खोटं नाही. शहरातल्या तळ्यात मोठे पाइक मोजके असतात. प्रत्येकाने एकेक घरी नेला तर एका हिवाळ्यात तळं रिकामं. मग तळ उकरणारे आणि पाण्यातले सूक्ष्मजीव खाणारे मासे वाढतात, पाणी गढूळ होतं, वनस्पती मरतात. उथळ तळं स्वच्छ किंवा गढूळ अशा दोन अवस्थांपैकी एकीत अडकून राहतं, यावर वाखेनिंगन विद्यापीठाच्या मार्टेन शेफर यांचं काम प्रसिद्ध आहे. तळं स्वच्छ ठेवायला पाइकची मदत होते.

पण हे पाइक सोडण्याचं कारण झालं. पकडण्याचं नाही. ते मला आजही नीट सांगता येत नाही. आठवडाभर स्क्रीनसमोर बसल्यावर पाण्याकडे बघत दोन तास उभं राहावंसं वाटतं, हे खरं. मग रॉड कशाला? आप्पांची सवय म्हणा, हाव म्हणा. आईला मी एवढंच कबूल केलंय: एक मासा मिळाला की त्या दिवशी थांबायचं, आणि सोडायचं सामान नसेल तर टाकायचंच नाही.

गेल्या शनिवारी एक मिळाला. मोठी मादी, जाळ्यात जेमतेम मावली. गळ पाण्यातच निघाला, तिला काठावर घ्यावंच लागलं नाही. फोन खिशात होता. दोन श्वास घेऊन ती गेली, माझ्या बाहीवर पाणी उडवून. लांबी विचारू नका, मोजली नाही. फोटो मागू नका, काढला नाही.

तुमच्यापैकी कुणी आप्पांसारखं गावाकडे मरळ धरत असेल, किंवा परदेशात गळ टाकत असेल, तर व्हॉइस मेसेज नक्की पाठवा. आणि आईच्या प्रश्नाचं उत्तर असेल तर आधी ते पाठवा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि रुस्तख!